खेळाडू थोर की मॅनेजर?

बेसबॉल या अमेरिकन खेळाची व्यवस्था आपल्या परिचयाच्या क्रिकेटहून एका बाबतीत अगदी निराळी आहे. क्रिकेटमध्ये चेंडू कोणी टाकावा, कोणी कोठे उभे राहावे, हे कर्णधार ठरवतो आणि तो स्वतः मैदानात खेळत असतो. बेसबॉलमध्ये हा सारा अधिकार मॅनेजरचा. आणि मॅनेजर असतो मैदानाच्या कडेला, बाकावर. त्याचे स्वतःचे खेळण्याचे दिवस बहुधा सरलेले असतात. हजारो प्रेक्षक ज्याचा जयघोष करीत आहेत अशा हट्टी वीराला या मनुष्याने आवरावे कसे? या प्रश्नाची उत्तरे काळागणिक बदलत गेली. मॅनेजरांचे स्वभाव निरनिराळे होते हे त्याचे एक कारण खरे. पण मॅनेजरच्या पाठीशी कोण उभे आहे, याला त्याहून अधिक महत्त्व होते.

फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचे कॉनी मॅक हे १९०१ पासून १९५० पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे मॅनेजर होते. संघाच्या मालकीतही त्यांचा वाटा होता, हे विसरता कामा नये. खेळाचा पोशाख न घालता साध्या कोटात बसून ते हातातील कागदाने खेळाडूंना इशारे करीत. त्यांच्या वाट्याला रूब वॉडेल नावाचा एक विलक्षण डावखुरा चेंडूफेक्या आला. आगीच्या बंबाची घंटा वाजली की हा गडी बंबामागे धावत सुटे! १९०२ साली तो दूर कॅलिफोर्नियात खेळत असताना त्याला आणण्यासाठी मॅक यांनी पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेची माणसे धाडली. मोसम बराच उलटल्यावर येऊनही त्याने २४ सामने जिंकून दिले. १९०४ मध्ये त्याने ३४९ फलंदाजांना चेंडू धड मारूही न देता बाद केले. सबंध पगार हाती पडला तर तो दोन दिवसांत उडेल, म्हणून मॅक त्याला थोडेथोडे पैसे देत, असे सांगतात. एखाद्या काकाने व्रात्य पुतण्याला वागवावे तशातलाच हा प्रकार. पण १९०५ साली एका सहकाऱ्याच्या गवती टोपीवरून झालेल्या झटापटीत वॉडेलचा खांदा दुखावला आणि अजिंक्यपदाच्या सामन्यांना तो मुकला. सहकाऱ्यांचा संयम सुटत चालला. अखेर १९०८ च्या आरंभी मॅक यांनी त्याला सेंट लुईसच्या संघाला विकले.

‘विकले’ हा शब्द येथे अलंकारिक नव्हे. त्या काळच्या करारात एक कलम असे, की संघाने ठरवल्यास खेळाडू वर्षानुवर्षे त्याच संघाशी बांधलेला राही. त्याला स्वतः होऊन दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. संघाला मात्र त्याला विकता येई. मॅक यांच्या वत्सलतेला या कलमाचा भक्कम आधार होता.

हेच कलम बेब रूथलाही लागू होते. बोस्टनच्या संघाने त्याला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकले आणि १९२० पासून तो मिलर हगिन्स यांच्या हाताखाली खेळू लागला. हगिन्स जेमतेम साडेपाच फूट उंचीचे, प्रकृतीने नाजूक, कायद्याचे पदवीधर. रूथ सहा फूट दोन इंच, आडदांड, खाण्यापिण्यात आणि रात्रीच्या जागरणांत बेसुमार. पाच वर्षे तो या मॅनेजरची टवाळी करीत राहिला. १९२५ च्या वसंतात तो आजारी पडला, शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये परतला, पण वागणुकीत फरक नाही. २९ ऑगस्ट रोजी सेंट लुईस येथे तो उशिरा मैदानावर आला, तेव्हा हगिन्स यांनी त्याला बेमुदत निलंबित केले आणि ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. रूथचा वार्षिक पगार ५२,००० डॉलर होता हे खरे. पण कित्येक खेळाडूंना वर्षाकाठी पाच हजारही मिळत नसत. रूथ संतापून मालक जेकब रुपर्ट यांच्याकडे न्यूयॉर्कला गेला. हगिन्स यांच्या हाताखाली आपण खेळणार नाही, अशी त्याची गर्जना होती. रुपर्ट यांनी मॅनेजरचीच बाजू उचलून धरली. नऊ दिवसांनी, क्षमा मागून, रूथ पुन्हा खेळू लागला.

हगिन्स यांच्या धैर्याचे पुष्कळ कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वर्षी यांकीज आठ संघांत सातवे आले. अजिंक्यपद हातातून जाईल ही धास्ती नव्हती. संघ अग्रभागी असता, तर रुपर्ट इतके ठाम राहिले असते काय? दोन वर्षांनी, १९२७ साली, त्याच रूथने ६० होमरन मारले. १९२९ मध्ये हगिन्स मृत्यू पावले. पुढे मॅनेजर होण्याची रूथची फार इच्छा होती. ती कधीच पुरी झाली नाही.

डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने त्या जुन्या कलमाची पकड सुटली. पुढच्याच वर्षी यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी रेजी जॅक्सनला पाच वर्षांसाठी सुमारे तीस लाख डॉलर देऊन स्वतः मिळवले. मॅनेजर बिली मार्टिन यांना तो मनापासून नको होता. १८ जून १९७७ रोजी बोस्टन येथे जॅक्सनने एका चेंडूमागे जाण्यात ढिलाई केली असे मार्टिन यांना वाटले, आणि त्यांनी डाव चालू असताना त्याला परत बोलावून दुसरा खेळाडू पाठवला. बाकाजवळ दोघे एकमेकांच्या अंगावर धावले. सहायकांनी मार्टिन यांना आवरले. दूरचित्रवाणीवर हा देखावा देशभर दिसला. रूथचे अपराध झाकलेले तरी राहत. जॅक्सनचा अपमान सर्वांदेखत झाला. ऑक्टोबरात त्याच जॅक्सनने अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात तीन होमरन मारून अजिंक्यपद मिळवून दिले.

१७ जुलै १९७८ रोजी त्याने मॅनेजरची आज्ञा मोडून फटका मारण्याऐवजी चेंडू नुसता तटवण्याचा प्रयत्न केला. मार्टिन यांनी त्याला निलंबित केले. पण त्याच आठवड्यात पत्रकारांसमोर जॅक्सन आणि मालक या दोघांनाही झोंबेल असे एक वाक्य त्यांच्या तोंडून गेले, आणि २४ जुलै रोजी साश्रू नयनांनी त्यांनीच राजीनामा दिला. जॅक्सन राहिला, बॉब लेमन हे शांत स्वभावाचे मॅनेजर आले आणि संघ पुन्हा अजिंक्य ठरला. स्टाइनब्रेनर यांनी मार्टिन यांना त्यानंतर आणखी चार वेळा नेमले आणि चारही वेळा दूर केले.