घरची शुश्रूषा आणि मद्रासचा प्रयोग

रुग्णालयातून माणूस घरी आला की शुश्रूषेचा भार कुटुंबावर येतो. क्षयरोगात मात्र असे घरी आणणेच एकेकाळी धोक्याचे मानले जाई. रुग्ण महिनोन् महिने आरोग्यधामात, आप्त दूर. आणि खाटा तर फारच थोड्या.

१९५६ साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ गरीब रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना आरोग्यधामात, काहींना दाटीवाटीच्या घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरी आहार निकृष्ट, विश्रांती कमी. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घरी ८६ टक्के आणि आरोग्यधामात ९२ टक्के रुग्णांचा रोग शमलेला आढळला. घरच्या मंडळींना त्यामुळे अधिक संसर्ग झाल्याचेही दिसले नाही.

खरी अडचण निराळीच होती. खोकला थांबला, अंग भरले की रुग्ण औषध टाळू लागे. म्हणून कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेली औषधे मोजत, लघवी तपासत. आपल्याकडे घरी परतलेल्या रुग्णाला दूध-फळांचा आग्रह पुष्कळ होतो, गोळ्या मात्र कोणी मोजत नाही. प्रस्तुत लेखकाचे घरही त्यास अपवाद नव्हे.