अंगस्थिती व हालचाल

उभे राहताना, बसताना किंवा काम करताना शरीराचे निरनिराळे भाग एकमेकांशी व जमिनीशी ज्या संबंधात राहतात, त्या रचनेस अंगस्थिती म्हणतात. आखाड्याच्या परिभाषेत तिला ठाण किंवा पवित्रा अशी नावे आहेत. शरीराचा गुरुत्वमध्य पायांमधील आधारक्षेत्रावर असेपर्यंत तोल टिकतो. आधार रुंद व गुरुत्वमध्य खाली असला, तर स्थैर्य वाढते. परंतु तेथून पाऊल उचलणे जड जाते. स्थैर्य व चपळता यांचा मेळ घालणे हा या विषयाचा गाभा होय. महाराष्ट्रातील अंगस्थितिविषयक विचाराचा इतिहास पाहता, स्थितीला हालचालीची पूर्वतयारी मानणारा दृष्टिकोन येथे प्राचीन काळापासून आढळतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात पुरुषपात्रांसाठी वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ व प्रत्यालीढ अशी सहा स्थाने सांगितली आहेत. त्यांचे वर्णन त्यांच्या उपयोगासह येते. वैशाख स्थान घोड्यावर बसण्यासाठी व व्यायामासाठी योजावे. शस्त्राची सिद्धता आलीढात करावी व ते प्रत्यालीढात सोडावे, असे विधान आहे. याच ग्रंथात ‘सौष्ठव’ ही संकल्पना येते. छाती उन्नत, अंग न वाकलेले व न ताठरलेले, अशी ती स्थिती असून तिच्यावाचून नृत्त व नाट्य शोभत नाही, असे मानले आहे. सौष्ठव व्यायामाने कमवावे लागते, हेही तेथे स्पष्ट केले आहे.

या परंपरेचा एक धागा वाशिम जिल्ह्याशी जुळतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. येथे १९३९ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने या शाखेचा इतिहास उजेडात आला. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्मात झाल्याचे वर्णिले आहे. त्याच कथेत तो वाणीच्या रचनेस रीती, तर हावभाव व अंगविलासांच्या रचनेस वृत्ती म्हणतो. म्हणजे विदर्भाची ख्याती केवळ वैदर्भी रीतीपुरती नव्हती. सुकुमार कैशिकी वृत्तीही त्याच परंपरेत तिच्याशी जोडली गेली. वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. साधारणपणे हरिषेणाच्या काळातील मानल्या जाणाऱ्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातील नर्तकी व पद्मपाणी बोधिसत्त्व यांची चित्रे आहेत. त्यांतील आकृतींच्या मान, कंबर व गुडघ्यांच्या वळणांमुळे स्थिर चित्रातही पुढच्या हालचालीचा भास होतो.

मराठी आखाड्यांत हाच विचार व्यावहारिक स्वरूपात दिसतो. कुस्तीगीर गुडघे किंचित वाकवून पुढे झुकतो. त्यामुळे त्याला पुढे झेपावता व मागे सरता येते. लाठी व फरीगदग्यात पवित्रा बदलणे हाच शिक्षणाचा आरंभ असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबात तर जमिनीचा आधारच सुटतो आणि तोल पकडीवर सांभाळावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात शाळांतून इंग्रजी कवायत आली. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था स्थापून ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचाही प्रभाव या शिक्षणावर पडला. ‘सावधान’ स्थितीतील ताठ उभे राहणे हे शिस्तीचे चिन्ह ठरले. त्याच सुमारास देशी व्यायामाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या चळवळीही उभ्या राहिल्या. वाशिमच्या शेजारच्या अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कवायतीबरोबर मल्लखांब, कुस्ती व देशी खेळांचे शिक्षण दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली.

योगसूत्रांनी आसन स्थिर व सुखकर असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त केली होती. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. ध्यानासनांत कणा स्थिर राहावा आणि शरीरसंवर्धक आसनांनी तो सर्व दिशांनी लवचिक व्हावा, ही त्यांनी केलेली विभागणी महत्त्वाची आहे. स्थैर्य व लवचिकता ही एकाच कण्याची दोन कार्ये होत, हे तीतून सूचित होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारात एका स्थितीतून दुसरी स्थिती अखंड निघते.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने या विचारास आधार दिला. रुडोल्फ मॅग्नस (१८७३–१९२७) याने १९२४ मध्ये अंगस्थितीच्या प्रतिक्षेपी क्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. रशियन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखविले, की उभा माणूस हात उचलतो, त्यापूर्वीच पायांचे स्नायू आकुंचन पावतात. म्हणजे शरीर आधी स्थिती सावरते व मगच हालते. सर्वांना लागू पडणारी एकच आदर्श अंगस्थिती नसते, असे आज तज्ज्ञ मानतात. दीर्घकाळ एकाच स्थितीत राहणे मात्र थकवा आणते.

या ज्ञानाची खरी कसोटी व्यायामशाळेबाहेर आहे. वाशिम परिसरात निंदणीसाठी उकिडवे बसणाऱ्या व कापूस वेचताना तासन्‌तास ओणव्या राहणाऱ्या मजूर स्त्रियांची अंगस्थिती कामाने ठरविलेली असते. नट, मल्ल व साधक यांच्या स्थितीचा विचार ग्रंथकारांनी केला. कष्टकऱ्यांच्या स्थितीस जुन्या ग्रंथांत फारसे स्थान मिळाले नाही. त्यांना ताठ उभे राहण्याचा उपदेश निरुपयोगी आहे. कामात मध्येमध्ये स्थिती बदलण्याची सवड व उंचीला साजेशी अवजारे मिळणे, हाच आखाड्यातील पवित्रा बदलण्याच्या तत्त्वाचा त्यांच्यापुरता अर्थ होय.