भीतीची खरेदी : मार्च २०२०

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतली टाकीची दुरुस्ती, लिफ्ट, रंगकाम, सगळं मिनिट्स बुकात आहे. मार्च २०२० मधल्या खरेदीबद्दल त्यात काही मिळणार नाही. नव्या पिढीसाठी तीही नोंद असावी, म्हणून हा लेख.

त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला, तोही त्याच मध्यरात्रीपासून. किराणा, दूध, भाजी, औषधं यांची दुकानं बंद होणार नव्हती. पण लोकांच्या कानात 'बंद' एवढाच शब्द शिरला आणि गावोगावी माणसं पिशव्या घेऊन धावली. गर्दीने रोग पसरतो म्हणून घरी थांबायचं, आणि त्या रोगाच्या भीतीनेच गर्दी झाली!

मी बँकेतला माणूस, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही. बँकेवर 'रन' येतो तो असाच. ठेवीदारांचे सगळे पैसे तिजोरीत नसतात, बरेचसे कर्जाऊ दिलेले असतात. अफवा उठली आणि सगळे एकदम पैसे काढायला आले, की चांगली बँकही अडचणीत येते. दुकानाचंही तसंच. वाणी सगळ्या गिऱ्हाइकांचा महिन्याचा माल फळीवर ठेवत नाही. प्रत्येक घराने महिन्याची डाळ एकाच दिवशी उचलली, तर गोदामात कितीही धान्य असो, फळी रिकामी होणारच. ती पाहून मागचा माणूस दोन किलोंऐवजी पाच किलो मागतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, तेव्हा जपानमध्ये कागद मिळणार नाही अशी अफवा उठली. ओसाकाजवळच्या सेन्री न्यू टाउन या गृहवसाहतीत टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली आणि ते लोण देशभर गेलं. २०२० साली ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत पुन्हा तोच कागद संपला. आपल्याकडे मास्क आणि सॅनिटायझर मिळेनात. १३ मार्चला केंद्राने ते अत्यावश्यक वस्तूंत घातले, मग भावही बांधून दिले : २०० मिलिलिटर सॅनिटायझर जास्तीत जास्त १०० रुपये, तीन पदरी मास्क १० रुपये.

साठा करणाऱ्या प्रत्येकाला लोभी म्हणणं बरोबर नाही. रोग कुणाच्या हातात नव्हता, डबे भरणं तेवढं हातात होतं. डबा भरला की जिवाला बरं वाटायचं. पण ते बरं वाटणं खिशात महिन्याचे पैसे असणाऱ्यालाच परवडलं. रोज कमावून रोज आणणारा दुकानात पोचला, तेव्हा त्याच्या वाट्याला रिकामी फळी आली.

बँकेतला रन थांबवायचा तर काउंटर उघडं ठेवून पैसे देत राहावं लागतं. पैसे मिळताहेत हे दिसलं की रांग आपोआप विरते. दुकानांत माल नियमित दिसू लागल्यावर खरेदीची घाईही तशीच ओसरली. देव करो आणि अशी वेळ पुन्हा न येवो. आलीच, तर कमिटीने पहिल्याच दिवशी फलकावर लिहावं : माल येणार आहे, दर घरामागे इतकाच, आणि आधी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना.