जुनी गाडी नवीहून महाग होती तेव्हा

कंपनीच्या किमतीला घेतलेली फियाट वर्षभर फिरवायची आणि घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त पैशांना विकायची. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत हे जमत असे, आणि त्यासाठी फार चतुराईही लागत नसे. आधीच गाडी हाती असणं, एवढंच पुरे होतं.

कारण बाजारात मोटारी होत्याच किती? कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. किती गाड्या बनवायच्या ते परवान्याने ठरायचं आणि आयातीची दारं जवळपास बंद. त्यात १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतीही बांधून दिल्या. कागदावर गाडी स्वस्त राहिली. पण नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायची तयारी हवी. ज्याला थांबायचं नव्हतं, तो ‘ऑन’, म्हणजे ठरलेल्या किमतीवरचे जादा पैसे, मोजून जुनी गाडी घेई. नियंत्रणाने कारखानदाराच्या खिशात जाऊ न दिलेला पैसा असा पहिल्या मालकाच्या खिशात अलगद पडे. नवी गाडी ठरावीक मुदतीत परवानगीशिवाय विकू नये, असाही नियम होता. मग काय, गाडी एकाच्या दारात आणि कागद दुसऱ्याच्या नावावर!

स्कूटरची तऱ्हा तीच. बजाज चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं पुण्यात आजही भेटतील. नंबर लागला की काही जण स्कूटर घरी आणण्याऐवजी सरळ नफा घेऊन मोकळे होत.

योगायोग असा, की १९६७-६८ मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ हा तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. शोरूमबाहेर पडताच गाडीचा भाव का कोसळतो, यावरचा त्याचा निबंध एकामागून एक नियतकालिकं नाकारत होती. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून तो हात राखूनच बोलतो, असं त्याचं म्हणणं. निबंध १९७० साली छापून आला आणि पुढे त्याला नोबेल मिळालं. भारतातल्या गिऱ्हाइकाला मात्र तेव्हा खोड बघत बसायची चैन परवडत नव्हती.

मारुती आली तेव्हाही सुरुवातीला हेच झालं. १९८३ साली दहा हजार रुपये अनामत भरून लाखावर लोकांनी नावं नोंदवली. १४ डिसेंबरला पहिली गाडी दिली गेली आणि नंबर लवकर लागलेल्यांना ‘ऑन’ देणारी गिऱ्हाइकं मिळू लागली. पण मारुतीच्या कारखान्यातून गाड्या भराभर बाहेर पडत गेल्या तशी रांग ओसरली. १९९३ साली मोटार उद्योगावरची परवान्याची अट गेली, बँका हप्त्यावर गाड्या देऊ लागल्या, आणि जुनी गाडी आपल्याकडेही खरोखरच जुनी ठरू लागली.

आता विकणाऱ्याला मेहनत आली. डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, पॉलिश. मीटर मागे फिरवणारे कारागीरही निपजले, त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवेना. त्यापेक्षा ‘सिंगल ओनर’ असलेलं आरसी बुक, सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल, चालू विमा आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र यांना भाव आला. २००१ साली मारुतीने स्वतःच ‘ट्रू व्हॅल्यू’ची दुकानं काढून जुन्या गाड्या तपासून, वॉरंटी देऊन विकायला सुरुवात केली. दलालाचं काम संपलं नाही, पण सौदा करण्याआधी गिऱ्हाईक आपला मेकॅनिक सोबत आणू लागलं.