कमवा व शिका योजना

कमवा व शिका योजना : निर्धन विद्यार्थ्यास त्याच्या श्रमाच्या मोबदल्यात निवास, भोजन व शिक्षण यांची सोय करून देणारी शैक्षणिक पद्धती. महाराष्ट्रात तिचा व्यापक प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी रयत शिक्षण संस्थेच्या द्वारा सातारा व सांगली या परिसरात केला. ही योजना सामान्यतः आर्थिक साहाय्याचा एक प्रकार म्हणून ओळखली जाते. तथापि तिचा इतिहास पाहता, ज्या समाजास महाविद्यालय सर्वस्वी परके होते त्या समाजातील मुलास तेथे हक्काचे स्थान मिळवून देणे, हे तिचे अधिक महत्त्वाचे कार्य होय.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागातील शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांपुढे शिक्षणात दोन अडथळे होते. पहिला खर्चाचा. गावातील शाळा संपली, की पुढील शिक्षणासाठी शहरात राहणे भाग पडे. महाविद्यालयासाठी साताऱ्याच्या विद्यार्थ्यास पुणे, कोल्हापूर किंवा १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय स्थापन झाल्यानंतर सांगली गाठावी लागे. दुसरा अडथळा सामाजिक होता. शहरात खोली, खाणावळ व पाणी यांपैकी काहीही जातीचा विचार केल्याशिवाय मिळत नसे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे स्थापन करण्यास उत्तेजन देऊन पहिला अडथळा बराचसा दूर केला. त्या काळाच्या मर्यादेत ही वसतिगृहे बहुतांशी जातवार होती.

भाऊरावांचा जन्म कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे झाला, त्यांचे घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झालेले होते. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास उपस्थित राहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. निवाऱ्याची सोय झाली तरी पंक्तिभेद कायम राहू शकतो, हा अनुभव त्यांच्या पुढील कार्यास दिशा देणारा ठरला. सत्यशोधक चळवळीशी आलेल्या संबंधाने त्यास वैचारिक आधार मिळाला. तर किर्लोस्कर व कूपर यांच्या कारखान्यांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने केलेल्या भ्रमंतीत खेड्यांतील परिस्थितीचे त्यांना निकटचे दर्शन घडले.

वसतिगृहाचा प्रयोग : सांगली भागातील दूधगाव येथील विद्यार्थी आश्रमाच्या कार्यात भाऊरावांचा सहभाग होता. १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास हलविली. तेथे त्याच वर्षी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान इ. समाजांची मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे अन्न शिजवीत व एकाच पंक्तीस जेवत. पैशांची चणचण नित्याची होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई (मृत्यू १९३०) यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात याच धर्तीवर ‘युनियन बोर्डिंग’ निघाले.

वसतिगृहाचा बराचसा कारभार विद्यार्थीच पाहत. धान्याची खरेदी, दळण, स्वयंपाक, स्वच्छता व आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामे पाळीने वाटली जात. मोठी मुले लहानांचा अभ्यास घेत. त्यामुळे आश्रिताच्या भूमिकेत राहण्याऐवजी संस्थेचा एक जबाबदार घटक म्हणून विद्यार्थी वावरू लागला. ज्या मुलाच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नसे, त्याच्या हातची भाकरी येथे सर्वजण खात. जातिभेदाच्या निर्मूलनाचे कार्य येथे व्याख्यानांपेक्षा स्वयंपाकघराने अधिक केले.

माध्यमिक व उच्च शिक्षणातील विस्तार : १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले व कमवा व शिका हे तत्त्व माध्यमिक शिक्षणास लागू करण्यात आले. १९४७ मध्ये त्याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची स्थापना झाली. शेती, बागकाम, खोदकाम, इमारतीचे बांधकाम अशी कामे करून विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा भार उचलीत. ज्या कामास पांढरपेशा समाज हलके समजे, तेच पदवीकडे नेणारे साधन ठरले. उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारी लक्ष्मीबाई पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी ही या व्यवस्थेची पूरक शाखा होती. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले.

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शासकीय सीमा बदलल्या, तरी वाळवे भागातील विद्यार्थ्यांचा साताऱ्याकडील ओघ थांबला नाही. पुढे इस्लामपूर येथेही संस्थेचे महाविद्यालय झाले.

नेतृत्वाची जडणघडण : या व्यवस्थेतून शिक्षक, प्रशासक व सार्वजनिक कार्यकर्ते यांची एक पिढी तयार झाली. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगली जिल्ह्यातील ढवळी येथील एन. डी. पाटील (१९२९–२०२२) यांनी १९५० नंतरच्या दशकात साताऱ्यास अध्यापन करीत असता या योजनेचे प्रमुख म्हणून काम पाहिले. पुढे ते राज्याचे सहकारमंत्री व संस्थेचे अध्यक्ष झाले. अनेक माजी विद्यार्थी संस्थेच्याच शाळांतून शिक्षक म्हणून खेड्यांत गेले.

अन्य देशांतील समांतर प्रयोग : अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली १८८१ मध्ये सुरू झालेल्या टस्कीगी येथील संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून इमारती उभारल्या. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्यास काम करावे लागते व शिक्षणशुल्क घेतले जात नाही. टस्कीगीच्या पद्धतीवर, ती कृष्णवर्णीयांना कारागिरीतच अडकवून ठेवते, अशी टीका झाली. साताऱ्याच्या योजनेत मात्र श्रम हे शिक्षणाचे साधन होते. विद्यार्थ्यास त्याच श्रमाच्या धंद्यात ठेवणे हा तिचा हेतू नव्हता. नांगर धरणाऱ्या मुलाने साहित्य, विज्ञान व कायदा यांचे शिक्षण घ्यावे, अशी तिची अपेक्षा होती.

मूल्यमापन : योजनेच्या काही मर्यादा स्पष्ट आहेत. श्रमाचे तास अभ्यासाच्या वेळेतून जात व त्याचा भार सधन विद्यार्थ्यावर पडत नसे. वसतिगृहांचा प्रारंभीचा विस्तार मुख्यत्वे मुलांपुरता होता. स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्यास जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले, ते १९४२ मध्ये. गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण ही शासनाची जबाबदारी असता ते त्याच्याच श्रमावर का अवलंबून ठेवावे, हा आक्षेपही विचारार्ह आहे. १९५९ पासून आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठी मिळू लागलेली शुल्कमाफी व शिष्यवृत्त्या यांनी त्यास काही अंशी उत्तर दिले.

पुणे व कोल्हापूर येथील विद्यापीठांनी कमवा व शिका योजना स्वीकारली. पुणे विद्यापीठाच्या योजनेस भाऊरावांचे नाव आहे. २०२१ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयासह साताऱ्यातील संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठांतील योजनांत कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा व उद्यान यांतील कामाचा मोबदला तासांच्या हिशेबाने दिला जातो. त्यातून विद्यार्थ्याच्या खर्चास हातभार लागतो. तथापि मूळ योजनेत मोबदल्याबरोबर सहनिवास, सहभोजन व स्वशासन ही तीन अंगे होती. शुल्क माफ झाल्याने महाविद्यालयाचे दार उघडते. आत आलेल्या विद्यार्थ्याने तेथे टिकावे व पुढे त्या संस्थेची धुरा वाहावी, हे कार्य साताऱ्याच्या वसतिगृहात या तीन अंगांनी केले.