नियोजित नगरे आणि नोंदीबाहेरच्या वाड्या : चौक–खालापूर परिसराच्या निमित्ताने

खालापूर तालुक्यातील चौक हे गाव नेताजी पालकरांच्या नावाशी निगडित असल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. नगररचनेच्या इतिहासातही त्यास स्थान आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकास असता ते जवळचा डोंगर चढून गेले आणि त्यातून पुढे माथेरानची वसाहत उभी राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच चौकाजवळची, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. आणि बचावलेल्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याचे काम सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसविणाऱ्या संस्थेकडे, सोपविण्यात आले. या दोन घटनांमध्ये सुमारे पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात मुंबई आपली सीमा ओलांडून पूर्वेकडे कशी सरकली आणि सरकताना तिने काय पाहिले व काय पाहिले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

नियोजित वसाहतींवर टीका करताना त्यांच्या आखणीतील उणिवांवर बोट ठेवण्याची प्रथा आहे. रस्ते रुंद पण ओसाड, घरे आवाक्याबाहेरची, शेजार म्हणून काही नाही, असे आक्षेप आपण नित्य ऐकतो. ते खोटे नाहीत; परंतु ते मुळाशी जात नाहीत. आराखड्याची पहिली रेषा ओढली जाण्यापूर्वीच एक निर्णय झालेला असतो. त्या भूमीवर कोण आहे याची गणना कशाच्या आधारे करावयाची, हा तो निर्णय होय. आपल्याकडे हा आधार मुख्यतः मालकीच्या नोंदीचा राहिला. भूमीशी माणसाची नाती अनेक असतात. कोणी ती कसतो, कोणी तीवर गुरे चारतो, कोणी तेथील लाकूडफाट्यावर व रानभाजीवर दिवस काढतो, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या तीवर नुसता राहतो. यांपैकी सातबाऱ्यावर उतरलेले नाते तेवढे नियोजनास स्पष्ट दिसले. नियोजित नगरांची काळी बाजू मुख्यत्वे या दृष्टिदोषातून उत्पन्न झाली आहे, आणि तिचा एक विश्वसनीय पुरावा स्थलनामांत व सरकारी शब्दांत सापडतो, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम माथेरान पाहू. मॅलेट यांनी माथेरानचा 'शोध' लावला, असे आपण आजही लिहितो. ज्या डोंगरावर ठाकर, धनगर व कातकरी यांचा वावर होता आणि ज्याला त्यांच्या भाषेत नाव होते, तो सापडावयाचा कोणाला राहिला होता? माथेरान या शब्दाची व्युत्पत्ती कशीही लावली तरी तो मराठी शब्द आहे, आणि नाव असणे हाच त्या जागेस माहीतगार असल्याचा पुरावा होय. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने तेथे वाटा व बंगले झाले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर गेली, आणि डोंगराच्या कडांना लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरामा अशी नावे मिळाली. नव्या वसाहतीस हवा व देखावा हवा होता; पाणी भरणारे, ओझे वाहणारे, माणसे वाहून नेणारे हातही हवे होते. त्या हातांच्या वस्तीचा विचार वसाहतीच्या कल्पनेत नव्हता. शहराच्या सोयीसाठी वसलेल्या या पहिल्या वसाहतीत पुढील साऱ्या इतिहासाचे बीज दिसते.

याच सुमारास व पुढे मुंबई शहरात आणि इंग्लंडात जे घडत होते, ते येथे ध्यानात घ्यावयास हवे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दादर–माटुंग्याची सुबक उपनगरे ही त्याची देणगी. पण दाट वस्त्या पाडण्याचा त्याचा वेग विस्थापितांस नवी घरे देण्याच्या वेगाहून अधिक होता, हाही त्याचाच इतिहास होय. त्याच १८९८ साली एबनेझर हॉवर्ड यांनी उद्याननगराची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ येथे ती आकारास येऊ लागली. या कल्पनेचे मर्म झाडांत वा बागांत नसून अर्थव्यवहारात आहे. शेतीच्या भावाने जमीन घ्यावी, नगर वसल्यावर तिचे जे मूल्य वाढेल ते खाजगी हाती न जाता त्या नगराच्या समाजाकडे राहावे, असे हॉवर्ड यांचे म्हणणे होते. पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. योजनेपूर्वी पाहणी, आणि तीही त्या जागी पायी हिंडून, असा त्यांचा आग्रह होता. या दोन विचारवंतांपैकी आपल्या नियोजनाने हॉवर्ड यांचे अर्धे गणित घेतले आणि गेडिस यांची पाहणी बहुतांशी सोडून दिली.

नवी मुंबईच्या इतिहासावरून हे स्पष्ट होईल. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याची सूचना केली. दाटलेल्या मुंबईचा भार हलका व्हावा आणि सामान्य माणसास परवडेल असे घर मिळावे, हा त्यांचा हेतू उदात्तच होता. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या नगरासाठी मुक्रर झाले. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार घ्यावयाची, ती विकसित करून विकावयाची आणि त्या उत्पन्नातून रस्ते, पाणी, रेल्वे उभी करावयाची, अशी ही योजना होती. म्हणजे वाढलेले मूल्य नगराकडे राहिले, हे हॉवर्ड यांच्या तत्त्वास धरून झाले; परंतु 'नगराचा समाज' म्हणजे जे येणार होते ते. जे आधीपासून होते त्यांना अधिसूचनेच्या दिवशीचा भाव आणि वर पंधरा टक्के दिलासा रक्कम. ती तीस टक्के होण्यास १९८४ ची कायदादुरुस्ती यावी लागली.

नामव्यवहाराने हे सारे फार नेमके टिपले आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली ही मुळात गावांची नावे. नव्या वसाहतींना 'नोड' ही संज्ञा मिळाली आणि त्यांनी ही नावे घेतली. आज नुसते 'वाशी' म्हटले म्हणजे सेक्टरांची वाशी समजावयाची. मूळ वाशीस 'वाशी गाव' असे म्हणावे लागते. भाषेत ज्या रूपास विशेषण लागत नाही ते सर्वसामान्य ठरते, आणि ज्यास लागते ते अपवादात्मक. येथे पाहुण्याने नाव घेतले आणि यजमानास विशेषण लावून घ्यावे लागले. दुसरा शब्द 'प्रकल्पग्रस्त'. मराठीत '-ग्रस्त' हे उत्तरपद पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, व्याधिग्रस्त अशा समासांत येते. शासनाने ज्या प्रकल्पास विकास म्हटले, त्यालाच या शब्दाने पुराच्या व दुष्काळाच्या पंक्तीस बसविले, आणि हा शब्द दाखल्यांवरही छापला गेला. तिसरा प्रयोग 'गरजेपोटी बांधलेली घरे'. गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे मात्र वाढली. म्हणून हद्दीबाहेर जी घरे झाली, त्यांना शासननिर्णयांत हे नाव पडले. गरज हे कारण मान्य करणारी आणि तरीही घरास नियमबाह्य ठरविणारी ही शब्दयोजना त्या गावांच्या अर्धशतकाच्या अवस्थेचे सारच सांगते.

या अवस्थेस वाचा फुटली ती संघर्षातून. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई–दास्तान येथे गोळीबार होऊन पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकास परत देण्याचे धोरण ठरले. वाढीव मूल्यात मूळ रहिवाशाचा वाटा असतो, हे तत्त्व यातून प्रथमच मान्य झाले आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु या वाट्याचे माप पुन्हा जमिनीच्या क्षेत्रावरच ठरले. जो खातेदार होता त्यास अंशतः न्याय मिळाला. जो त्याच्या शेतावर राबत होता, त्यास मोजण्याचे परिमाणच या गणितात नव्हते.

खालापूर व कर्जत तालुक्यांकडे ही रीत आता वळली आहे. मुंबईची सेवा या प्रदेशास नवीन नाही. बोरघाटाची आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून मुंबईस वीज जाऊ लागली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला. परंतु जानेवारी २०१३ मध्ये रायगड व ठाणे जिल्ह्यांतील सुमारे २७० गावांचे क्षेत्र 'नैना' म्हणून अधिसूचित झाले, त्याचे स्वरूप वेगळे होते. त्यात खालापूर व कर्जत या तालुक्यांतील गावेही होती. पुढे या क्षेत्राच्या सीमा बदलत गेल्या. नैना हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द असून नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावाखालील अधिसूचित क्षेत्र असा त्याचा अर्थ होतो. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्या प्रभावाने मात्र बारा वर्षे आधीच गावांचे सामूहिक नाव बदलले होते.

या क्षेत्रात सक्तीच्या संपादनाऐवजी नगररचना परियोजनेचा मार्ग पत्करला गेला. जमिनी एकत्र करून पुन्हा वाटावयाच्या, धारकास सुमारे चाळीस टक्के विकसित भूखंड परत द्यावयाचा आणि उरलेल्यातून रस्ते, मैदाने व इतर सोयी करावयाच्या, असा हा मार्ग आहे. याचे मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात सापडते. संपादनाहून हा मार्ग निःसंशय अधिक न्याय्य आहे. तथापि त्याचाही पाया सातबाराच आहे, आणि शून्याचे चाळीस टक्के शून्यच होतात.

हे शून्य येथे लहान नाही. कर्जत–खालापूरच्या डोंगरउतारांवर व गावांच्या कडेला ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. गावास स्वतःचे नाव असते. या वाड्यांपैकी कित्येकींना ठाकूरवाडी, कातकरवाडी किंवा गावाच्या नावापुढे 'आदिवासीवाडी' एवढेच नाव दप्तरात मिळाले. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने नोंद झालेल्या कुळास मालक केले. परंतु ज्याचे नाव कूळ म्हणून लागलेच नव्हते, त्यास त्याचा उपयोग नव्हता. 'दळी' म्हणून ओळखली जाणारी डोंगरावरची जमीन हे लोक कसत आले, पण तिचा मालकी उतारा त्यांच्या हाती नव्हता. अशा कसवणुकीस कायद्याने मान्यता मिळण्याचा मार्ग खुला होण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या अनेक वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमिनीस भाव नव्हता तोवर मालकास त्यांची अडचण नव्हती, उलट मजुरांची सोयच होती. नगराची चाहूल लागली, जमीन विकली गेली, कुंपण पडले, आणि पिढ्यांची वस्ती एका खरेदीखताने अतिक्रमण ठरण्याची वेळ आली. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनी ठाणे–रायगडातील कातकरी वाड्यांच्या या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.

इर्शाळवाडीचा उल्लेख या संदर्भात जपून केला पाहिजे. ती दरड कोणत्याही नगरयोजनेमुळे कोसळली नाही. वाडीच्या २२८ रहिवाशांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. यंत्रे पोचू शकली नाहीत, माणसांनी पायी चढून हातांनी माती उपसली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. ज्या तालुक्यातील गावांची दहा वर्षे आधीच नव्या नगराच्या क्षेत्रात गणना झाली होती, त्याच तालुक्यातील एक वाडी धोक्याच्या यादीत असू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. भूखंडाची मोजणी होते, कारण त्यास भाव असतो. उतारावरच्या वाडीस भाव नसतो. दुर्घटनेनंतर त्याच वाडीसाठी घरे आखून दिली गेली, हे योग्यच झाले. पण नियोजनाच्या दृष्टीस पडण्यासाठी तिला आधी गाडले जावे लागले.

यावर असे म्हणता येईल की, नियोजन नसते तर याहून वाईट घडले असते. हे मी नाकारीत नाही. आराखड्यावाचून पडणाऱ्या भूखंडांत ना पाण्याची सोय असते ना सांडपाण्याची, आणि तेथेही कुंपण प्रथम वाडीसच लागते. नवी मुंबईने लक्षावधी मध्यमवर्गीयांस उजेडाचे घर दिले, हेही खरे. म्हणून प्रश्न नियोजन हवे की नको असा नसून, त्याची पहिली यादी कोणी व कशी करावयाची, असा आहे. ती तलाठ्याच्या दप्तरापुरती राहिली तर मालक तेवढे दिसतील. गेडिस यांच्या रीतीने पायवाटेने फिरून केली, तर वाडी, पाणवठा, दळी, गुरचरण, देवस्थान, ही सारी दिसतील.

या कामात विद्यापीठीय विभागांस हातभार लावता येण्यासारखा आहे. कर्जत–खालापूर परिसरातील वाड्या, शेते, ओढे, टेपे व खिंडी यांची बोलीतील नावे, ती सांगणाऱ्यांच्या उच्चारासह आणि त्या जागेच्या वापराच्या माहितीसह, गावोगाव जाऊन टिपून ठेवली पाहिजेत. हे संकलन केवळ भाषाशास्त्राचे साहित्य ठरणार नाही. जमीन मोकळी आहे असे जेव्हा एखादा आराखडा सांगेल, तेव्हा तेथे कोण होते आणि ते त्या भूमीस काय म्हणत होते, हे दाखविणारा तो लेख असेल. नव्या नगराच्या सीमा अजून कागदावर बदलत आहेत, तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.