गव्हर्नमेंट हाऊस, परळ

मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान, आजची हाफकिन संस्था. चिंचपोकळीच्या उत्तरेला, आचार्य दोंदे मार्गावर. मूळ वास्तू पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती इंग्रजांनी ताब्यात घेतली. जुन्या प्रार्थनामंदिराच्या जागी मेजवानीचे दालन आणि त्यावर नाचघर झाले. १७७१च्या सुमारास विल्यम हॉर्नबी येथे राहायला आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी (कारकीर्द १८१९–२७) वास्तूचा विस्तार केला.

सरकारी वाड्यांच्या इतिहासात गव्हर्नरांच्या पत्नींची दखल क्वचितच घेतली जाते. परळच्या बाबतीत ती घ्यावीच लागते. अमेलिया, लेडी फॉकलंड (१८४८–५३) यांनी इथल्या वास्तव्याचे अनुभव पुस्तकरूपाने १८५७ साली प्रसिद्ध केले. लेडी ऑलिव्ह फर्ग्युसन १८८२ मध्ये कॉलऱ्याने वारल्या. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला कायमचा हलला.  परळच्या वाड्याला नवे आयुष्य दिले ते प्लेगने.

वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा या वाड्यात आली आणि दरबारी दालनांत लसनिर्मिती सुरू झाली. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. गिरणगावाच्या दाट वस्तीला प्लेगने झोडपले होते. या वास्तूचे खरे मोल तिथल्या कामगारांच्या जिवाशी जोडलेले आहे.